चौथी सही

डेलिथ जेवायला येणार नाही, हे एमलिननं सकाळीच जाहीर करून टाकलं होतं. "सहा वर्षं जी बाई जिन्यात माझ्याकडे बघत नाही, ती माझ्या हातचं मटण खायला येईल होय?" असं म्हणत तो सुरीला धार लावत उभा होता. नेरिसनं बापाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि तरीही टेबलावर पाच ताटं मांडली.

जेवण मामगीच्या घरी होतं, आयव्होर हाउसच्या तळमजल्यावर, एक नंबरच्या फ्लॅटमध्ये. नेरिसची आजी काइनवेन प्रॉसर आता चौऱ्याऐंशीची होती. नेरिस तिला मामगी म्हणायची म्हणून साऱ्या इमारतीत ती मामगीच झाली होती. खिडकीतून कार्डिफजवळच्या पेनार्थचा लांबलचक धक्का आणि ओहोटीनं उघडा पडलेला तपकिरी चिखल दिसत होता. मामगी खिडकीशी बसून पुदिन्याची पानं खुडत होती आणि एकाही वाक्यात तोंड घालत नव्हती. ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

सगळं अडलं होतं ते सह्यांपाशी. ऑगस्टमध्ये सहाही फ्लॅटना एकाच मजकुराचं पत्र आलं होतं. फ्लॅट लोकांनी पैसे मोजून घेतलेले, पण पट्ट्यावर, ठरावीक वर्षांसाठी. खालची जमीन, भिंती, जिना, छप्पर हे सगळं लंडनच्या एका म्हाताऱ्याचं. म्हातारा वारला, वारसांना मालकी विकून मोकळं व्हायचं होतं आणि ब्रिस्टलची एक कंपनी ती घ्यायला टपलेलीच होती. पण कायद्यानं आधी राहणाऱ्यांना विचारणं भाग होतं: त्याच किमतीला तुम्ही घेता का? होकार कळवायला दोन महिने, आणि तोही निम्म्याहून जास्त फ्लॅटचा हवा. सहांतले चार. चार आणि पाच नंबरवाले परदेशात, पत्राला उत्तर देत नव्हते. म्हणजे उरलेल्या चौघांतला एकही गळून चालणार नव्हता. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचला संपत होती, आणि आज रविवार होता.

नेरिसनं दोन महिने याच कामात घातले होते. दिवसा ती इस्पितळाच्या औषधविभागात असायची, उरलेल्या वेळात वकिलाकडे. मामगीची सही झाली होती. दोन नंबरच्या यूसुफ वारसामेंची झाली होती. तीन नंबरमधला बाप तर पहिल्या दिवसापासून "आपण लढायचं" म्हणत होता, त्यामुळे त्याच्या सहीची काळजी तिनं केलीच नव्हती. काळजी होती ती सहा नंबरची, म्हणजे डेलिथ आत्याची.

सहा वर्षांपूर्वी डेलिथच्या बेडरूममध्ये छतातून पाणी यायला लागलं होतं. मालकाच्या एजंटानं छप्पर कसंबसं ठिगळून सगळ्यांच्या नावे भरमसाट बिल लावलं. डेलिथ एकटीच न्यायाधिकरणात गेली. छपराची सगळी हकीकत एमलिनला माहीत होती. तो साक्षीला येतो म्हणाला आणि आला नाही. डेलिथ हरली. तेव्हापासून भाऊ-बहीण एकाच जिन्यानं चढत-उतरत होते, एवढंच.

दारावर टकटक झाली. यूसुफ वारसामे आत आले, हातात वेलचीच्या हलव्याचं ताट. पंचेचाळीस वर्षं बोटीवर काढलेले हे सोमाली गृहस्थ आता शहात्तरीचे होते, आणि आजही रविवारी कोट घातल्याशिवाय शेजारी जेवायला येत नसत.

"मिसेस प्रॉसर, तुमच्या मुलानं मटण करपवलं असेल म्हणून मी पोट भरायला हे आणलंय."

"यूसुफ, तू चाळीस वर्षं हेच म्हणतोस आणि दोनदा वाढून घेतोस," मामगी म्हणाली.

त्यांच्या मागे, उघड्या दारात, डेलिथ उभी होती. घरोघरी जाऊन रोग्यांना बघणाऱ्या नर्सचा निळा गणवेश अजून अंगावर होता. तिनं कुणाकडे न बघता पर्समधून लिफाफा काढला आणि नेरिसच्या ताटात ठेवला.

"सही केलीय. माझ्या वाट्याचे पैसेही तयार आहेत. पोर्थकॉलचा कॅरॅव्हॅन विकला."

समुद्रकाठच्या त्या चाकांवरच्या घरात आत्याचे सगळे उन्हाळे गेले होते. "आत्या, तो कॅरॅव्हॅन..."

"त्याचंही छप्पर गळतच होतं," डेलिथ म्हणाली. "वाढा आता. मला चार वाजता एका म्हाताऱ्याचं ड्रेसिंग करायचंय."

यूसुफ हसले. मामगीनं पुदिना बाजूला सारला आणि मुलीसाठी स्वतः उठून खुर्ची ओढली. मग सगळे साहजिकच एमलिनकडे वळले.

एमलिन मटण कापत होता. सुरी थांबली, पुन्हा चालू झाली. "आधी जेवू," तो म्हणाला.

*

जेवण झालं. हलवाही संपला. डेलिथ भावाला बघत होती.

तीस वर्षं तिनं माणसांच्या घरात जाऊन माणसं पाहिली होती. औषध घेतलं का विचारल्यावर जो रोगी "हो हो" म्हणून लगेच हवेबद्दल बोलायला लागतो, त्यानं औषध घेतलेलं नसतं. एमलिन तासभर हवेबद्दल बोलत होता. हवा, धक्क्याचे नवे कठडे, शाळेत सुतारकाम शिकवताना त्याच्या हाताखाली शिकलेला आणि आता नगरसेवक झालेला एक मुलगा.

नेरिसनं लिफाफ्यातला कागद त्याच्यासमोर सरकवला. त्यावर तीन नावांसमोर तीन सह्या होत्या. "डॅड, एवढं करून टाका."

"करतो. जरा पुन्हा वाचून बघतो."

"तुम्ही दहा वेळा वाचलंय."

"मग अकराव्यांदा वाचतो. कायद्याचा कागद आहे, वाण्याची यादी नव्हे."

"एमलिन," डेलिथ म्हणाली. सहा वर्षांत तिनं पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. "कुणाशी बोललास?"

"म्हणजे?"

"कंपनीच्या माणसाशी बोललास का?"

एमलिननं चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागला. डेलिथला उत्तर मिळालं.

"हॉलिस म्हणून एक जण आला होता," तो शेवटी म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वी. बोलायला बरा होता."

"अशांना बोलायचाच पगार असतो," यूसुफ म्हणाले.

"त्यानं काय सांगितलं?" नेरिसनं विचारलं.

"मालकी त्यांच्याकडे आली तर माझा फ्लॅट ते विकत घेतील. किंमत चांगली देतायत. डिसेंबरच्या आत मी मोकळा." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "पट्ट्याची बावन्न वर्षं उरलीत. बँक कुणाला कर्ज देत नाही. मी दोनदा विकायचा प्रयत्न केला, तुम्हाला सांगितलं नाही. गिऱ्हाईक येतं, वर्षं विचारतं आणि जातं. मला कार्डिगनला जायचंय. कॅरिसच्या गावाला."

कॅरिस म्हणजे नेरिसची आई. तिला जाऊन पाच वर्षं झाली होती.

मग नेरिस उठली. "म्हणजे दोन महिने मी वकिलाकडे खेटे घालत होते, आणि तुम्ही रोज चहा करून विचारत होतात, कुठवर आलं पोरी? सगळं ठाऊक असून?"

"मी अजून ठरवलं नव्हतं."

"उद्या पाच वाजून एक मिनिटानं ठरवणार होतात. आणि मामगीचं काय? शेजारची इमारत त्या लोकांनी घेतली. वर्षभरात देखभालीचा खर्च दुप्पट झाला. तिसऱ्या मजल्यावरची मिसेस टॅपर घर सोडून गेली. तुम्हीच तिचं सामान उतरवलंत ना?"

"मीच उतरवलं," एमलिन म्हणाला. "या इमारतीत जे काही उतरवायचं, चढवायचं, ठोकायचं असतं ते मीच करतो, नेरिस. वीस वर्षं. दिवा गेला, एमलिन. गटार तुंबलं, एमलिन. एजंटाला फोन कर, एमलिन. आता आपणच मालक झालो की छप्पर कुणाच्या गळ्यात पडणार? मी एकसष्ट वर्षांचा आहे. मला या जिन्यातून सुटायचंय."

डेलिथला वाटलं होतं की आपल्याला संताप येईल. सहा वर्षं तिनं हीच वेळ मनात घोळवली होती: हा माणूस पुन्हा ऐन वेळी पाठ फिरवणार, आणि आपण सगळ्यांदेखत म्हणणार, बघा, मी सांगत नव्हते? वेळ आली आणि तिच्या लक्षात आलं की तो नुसता दमलाय. गाल बसलेत. शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलंय.

अनपेक्षितपणे यूसुफच त्याच्या बाजूनं उभे राहिले. "पोरी, बापावर ओरडू नकोस. माणसाला बंदर सोडावंसं वाटणं हा गुन्हा नाही. मी जन्मभर तेच केलं."

"तुम्ही सही करून मग बोलताय, मिस्टर वारसामे," नेरिस म्हणाली. "हे न करता बोलतायत."

एमलिन उठला, कोट उचलला आणि बाहेर गेला. दार त्यानं आपटलं नाही, हळूच लावून घेतलं.

नेरिस त्याच्या मागे निघाली, तशी मामगीनं तिचं मनगट धरलं. "तू बस. माझी काठी दे."

*

तो समोरच्या फुटपाथवरच्या बाकावर बसला होता. काइनवेनला रस्ता ओलांडायला बराच वेळ लागला. एक गाडी तिच्यासाठी थांबली, तिनं काठी उचलून चालकाला नमस्कार केल्यासारखं केलं. एमलिन हात द्यायला उठला नाही. त्यानं तिला पाहिलंच नव्हतं. ती शेजारी बसली तेव्हा तो दचकला.

"माम, थंडी आहे. आत जा."

"जाईन. एक गोष्ट सांगते आणि जाते."

"आजोबांच्या घराची?" तो कंटाळून म्हणाला. "पाठ आहे मला. सगळ्यांना पाठ आहे."

होतीच पाठ. रॉन्डाच्या खोऱ्यात खाणकामगारांच्या घरांची एक रांग होती. घरं माणसांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेली, जमीन जमीनदाराची, नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावर. चौपन्न साली पट्टा संपला. काइनवेन तेव्हा एकोणीस वर्षांची होती. जमीनदाराचा कारकून आला आणि तिच्या वडिलांना म्हणाला, घर आजपासून आमचं, राहायचं असेल तर भाडं भरा. शिवाय दुरुस्त्यांची यादी हातात ठेवली: घर परत देताना चांगल्या स्थितीत द्यायचं असतं, तेव्हा हे एवढं तुमच्या खर्चानं करून द्या. प्रॉसरांच्या घरात ही गोष्ट प्रत्येक पोराला सांगितली गेली होती. त्यात वडील नेहमी भले असायचे आणि जमीनदार नेहमी चोर.

"तुला पाठ आहे ती अर्धी," काइनवेन म्हणाली. "उरलेली मी कुणाला सांगितली नाही. तुझ्या बापालासुद्धा नाही."

एमलिननं तिच्याकडे पाहिलं.

"पट्टा संपायच्या चार वर्षं आधी त्या लोकांनी जमीन विकायला काढली होती. अठरा घरांची रांग, सगळ्यांनी मिळून घ्यायची, नाहीतर कुणालाच नाही, असं. लोकांनी जमवाजमव केली. बायकांनी अंगठ्या मोडल्या. सतरा जणांनी सह्या केल्या." ती समुद्राकडे बघत राहिली. "अठरावं घर आमचं होतं."

"आजोबांनी सही केली नाही?"

"नाही केली. ते म्हणाले, सरकार कायदा करणार आहे, फुकटात मिळेल, कशाला जमीनदाराचे खिसे भरायचे? कुणीतरी त्यांना तसं सांगितलं होतं. तोही बोलायला बरा असेल. वाईट माणूस नव्हता माझा बाप. त्याला खरंच वाटलं होतं की तो सगळ्यांच्या फायद्याचं करतोय."

"मग?"

"मग काय. चार वर्षांनी अठरा घरं गेली. कायदा आला तो पुढे तेरा वर्षांनी. तोवर बाप जिवंत नव्हता." तिनं काठीची मूठ दोन्ही हातांत धरली. "मी तुला सही कर म्हणून सांगायला आले नाही, एमलिन. तू कार्डिगनला जा, तुझा हक्क आहे. फक्त सही न केलेला माणूस त्यानंतर घरी कसा जेवतो, ते मी पाहिलंय. रांगेतून कामावर जाताना मान खाली. चॅपलमध्ये शेवटच्या बाकावर. कुणी त्याला टोचून बोललं नाही रे. बोलले असते तर बरं झालं असतं. एवढंच तुला माहीत असावं म्हणून आले."

काइनवेनला हलकं वाटत होतं. पासष्ट वर्षं बापाची लाज राखताना आपण तिच्या ओझ्यानं वाकलो होतो, हे तिला आत्ताच कळलं. पुढे हा मुलगा काय करेल ते त्याचं. आपलं सांगून झालं.

*

रस्ता ओलांडून डेलिथ आली, हातात आईचा जाड कोट. तिनं तो आईच्या खांद्यावर घातला आणि भावासमोर उभी राहिली. एमलिननं वर पाहिलं. सूर्य तिच्या मागे होता, त्याला तिचा चेहरा नीट दिसेना.

"तू जा," ती म्हणाली.

"कुठे?"

"कार्डिगनला. सही कर आणि जा. छप्पर मी बघते."

"तुला छपरातलं काय कळतं?"

"सहा वर्षं ते माझ्या उशीवर गळतंय. तुझ्यापेक्षा जास्त कळतं." ती बाकाच्या कडेवर टेकली. "नेरिसनं वकिलाला विचारलंय. मालकी आपली झाली की आपण एकमेकांना नवा, लांबलचक पट्टा करून द्यायचा. मग तुझं घर बाजारात कुणीही घेईल, बँकेच्या कर्जानं, रास्त किमतीला. हॉलिसपेक्षा बरा भाव येईल. डिसेंबरऐवजी पुढचा उन्हाळा लागेल, इतकंच. तेवढी वाट बघता येईल ना?"

एमलिनला हे ठाऊक होतं. कागद दहा वेळा वाचताना त्यानं ते वाचलंच होतं. पण कागदावर छप्पर अंगावर घेणारं कुणी नव्हतं. वीस वर्षांत या घरातल्या एकाही माणसानं त्याला "तू जा" म्हटलं नव्हतं.

"डेलिथ," तो म्हणाला, "त्या सुनावणीला मी..."

"आत्ता नको."

"नाही, आत्ताच. एजंटानं मला आदल्या दिवशी फोन केला होता. म्हणाला, तुमच्या घरात बायको आजारी आहे, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा बसवायची परवानगी हवी असेल तर मालकाशी वाकडं घेऊ नका. कॅरिसला तेव्हा पायऱ्या चढवत नव्हत्या. मी घाबरलो. कठडा मिळाला. तुला सांगायचं तोंड राहिलं नाही."

कॅरिसच्या शेवटच्या महिन्यांत वहिनीला अंघोळ घालायला डेलिथ रोज सकाळी एमलिन शाळेत शिकवायला गेला की खाली उतरायची. तो कठडा तिनं रोज धरला होता. तो कसा आला हे तिला कधीच कळलं नव्हतं.

"सांगायला हवं होतंस," ती शेवटी म्हणाली. "मीच तुला म्हटलं असतं, साक्षीला येऊ नकोस म्हणून."

"हो."

"गाढव आहेस."

"हो."

काइनवेन दोघांच्या मधे बसून समुद्राकडे बघत होती. "माझे पाय गारठले," ती म्हणाली. "तुमचं झालं असेल तर मला कुणीतरी घरी न्या."

एमलिननं एका हाताला धरलं, डेलिथनं दुसऱ्या. खिडकीत नेरिस आणि यूसुफ उभे होते. तिघांना रस्ता ओलांडताना पाहून यूसुफनी शांतपणे टेबलावरची ताटं बाजूला केली आणि पेनाचं टोपण काढून ठेवलं.

एमलिन उभ्याउभ्याच वाकला आणि सही केली. मग नेरिसकडे वळला. "उद्या कार्डिफला मी गाडी चालवतो. तू फक्त कागद सांभाळ."

नेरिसनं मान हलवली. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता. पण तिनं बापाच्या कोटाची कॉलर सरळ केली.

*

सोमवारी नेरिसनं रजा टाकली. एका माणसाचं काम होतं, पण निघाले पाचही जण, एमलिनच्या जुन्या गाडीत दाटीवाटीनं. यूसुफनी बोटीवरचा जुना बिल्ला कोटाला लावला होता. वारसांच्या वकिलांच्या कचेरीत काचेमागची मुलगी म्हणाली, साहेब बैठकीत आहेत, कागद ठेवून जा.

"पोच हवी," नेरिस म्हणाली. "तारीख आणि वेळ घालून."

"त्यासाठी थांबावं लागेल."

"थांबतो," मामगी म्हणाली आणि मऊ खुर्चीत अशी बसली की तिला उठवायची कुणाची छाती होणार नव्हती.

वीस मिनिटांनी आतलं दार उघडलं. आधी एक राखाडी सुटातला माणूस बाहेर आला. एमलिनला पाहून त्याची पावलं थबकली. तो हॉलिस होता.

"मिस्टर प्रॉसर, तुम्ही इथे? आपलं बोलणं झालं होतं ना?"

"झालं होतं," एमलिन म्हणाला. "तुम्ही चांगलं बोलता. पण माझ्या बहिणीनं त्याहून चांगली किंमत दिली."

हॉलिसनं टेबलावरच्या कागदाकडे, चार सह्यांकडे पाहिलं. मग हसू चेहऱ्यावर ठेवूनच निघून गेला. साहेबांनी चष्मा लावून एकेक सही तपासली आणि कारकुनाला शिक्का आणायला सांगितला. तीन वाजून दहा मिनिटांची पोच नेरिसच्या हातात पडली. जिन्यात आल्यावर ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. एमलिननं तिला रडू दिलं. डेलिथ खाली जाऊन सगळ्यांसाठी गरम पाव आणि चहा घेऊन आली.

पुढे हिवाळाभर पत्रं येत-जात राहिली. वारसांनी एकदा विक्रीतून अंग काढून घ्यायची भाषा केली, नेरिसच्या वकिलीणबाईंनी ती मोडून काढली. जानेवारीच्या वादळात छपराची सात कौलं उडाली. डेलिथ स्वतः शिडीवर चढली, खालून एमलिन ओरडून सूचना देत राहिला आणि तिनं त्यातली एकही पाळली नाही. मार्चमध्ये जमीन, भिंती, जिना आणि छप्पर चौघांनी स्थापन केलेल्या छोट्याशा कंपनीच्या नावावर झालं. एप्रिलमध्ये एमलिनचा फ्लॅट एका तरुण जोडप्यानं पाहिला, वर्षं विचारली, उत्तर ऐकून एकमेकांकडे बघितलं आणि तिथेच होकार दिला. नेरिसनं त्या दिवशी बापाला कार्डिगनचा मोठा नकाशा आणून दिला. त्यावर तिनं आपल्या सुट्ट्यांच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या.

मे महिन्यात नव्या पट्ट्यांवर सह्या करायला सगळे वकिलीणबाईंकडे जमले. लिनेट गॉफ ही तुरुतुरु चालणारी, कमी बोलणारी बाई. तिनं पहिला कागद मामगीसमोर ठेवला.

"किती वर्षांचा?" मामगीनं विचारलं.

"नऊशे नव्व्याण्णव."

मामगीनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मी चौऱ्याऐंशीची आहे. बेतानं वापरली तर पुरतील."

यूसुफ खोकल्यासारखं करून हसले. मामगी मात्र कागदावरून बोट फिरवत होती. "ही नऊशे नव्व्याण्णव संपली की घर कुणाचं?"

"पट्टा संपला की घर मूळ मालकाकडे परत जातं, मिसेस प्रॉसर. कायदा तोच आहे."

"आणि मूळ मालक कोण?"

"तुम्ही," लिनेट गॉफ म्हणाली. "तुम्ही चौघं. म्हणून तुम्हाला दोन सह्या करायच्यात. इथे घर घेणाऱ्याची. आणि इथे, कंपनीच्या संचालक म्हणून, घर देणाऱ्याची."

मामगीनं घेणाऱ्याची सही झटकन केली, आयुष्यभर करत आली होती तशी. मग तिनं पेन खाली ठेवलं, हात रुमालाला पुसले, खुर्ची टेबलाशी नीट ओढून घेतली आणि दुसऱ्या जागेवर बोट ठेवून खात्री करून घेतली.

"ही जरा सावकाश करते," ती म्हणाली. "कुणाला घाई नाही ना?"

कुणालाच नव्हती.